पेरू की थांबू?



गणपतीत आरती झाल्यानंतर आणि मोदक बाहेर येण्याआधी जी मोकळी दहा मिनिटं असतात, त्यात एका काकांनी आम्हा दोघांना गाठलं. "तुम्ही कंप्युटरवाले ना? मग मला सांगा, एवढे सॅटेलाइट, एवढे सुपरकंप्युटर, तरी पुढच्या महिन्यात पिकनिकच्या दिवशी पाऊस पडेल की नाही हे कुणाला का सांगता येत नाही?" तेवढ्यात मोदक आले आणि उत्तर राहून गेलं. ते इथे देतो आहोत. जरा लांबलं आहे, कारण हाच प्रश्न आम्हाला एकदा पिकनिकपेक्षा बराच महाग पडला होता.

आम्ही राहतो मध्य इलिनॉयमध्ये, ब्लूमिंग्टन-नॉर्मलला. आमच्या वस्तीचं शेवटचं कुंपण संपलं की शेत सुरू होतं. एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन, नजर पोचेल तिथपर्यंत. आम्ही दोघंही इंजिनिअर, दोघंही कोड लिहून पोट भरतो. शेतीशी संबंध म्हणाल तर मागच्या अंगणातली मेथी आणि चार टोमॅटोची झाडं. पण आमच्यातल्या एकीचं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औशाजवळचं. तिथे तात्यांची चौदा एकर कोरडवाहू जमीन आहे. पाचेक एकर खोल काळी, बाकीची माळाची, मुरमाड. पीक सोयाबीन आणि तूर. म्हणजे इथे खिडकीतून जे दिसतं तेच पीक तिथेही, आणि शिकागोच्या बाजारात सोयाबीनचा भाव हलला की लातूरच्या अडतीतही कुजबुज होते.

मृग लागला की तात्यांचा फोन ठरलेला. "जावईबापू, काय म्हणतंय तुमचं कंप्युटर? पेरू की थांबू?"

२०१५ चा जून. सुरुवातीला बरा पाऊस झाला होता. आम्ही एका हवामानाच्या साइटवर पाहिलं. दहा दिवसांची पट्टी, तिच्यात सातव्या, आठव्या आणि नवव्या दिवशी काळा ढग आणि खाली तिरक्या रेघा. आम्ही ऐटीत सांगितलं, "तात्या, पेरून टाका. पुढच्या आठवड्यात सलग तीन दिवस पाऊस आहे." तात्यांनी चौदाच्या चौदा एकर पेरली. ते तीन दिवस कोरडे गेले आणि पुढचे तीन आठवडेही. सोयाबीन उगवून वर आलं आणि दोन पानांवर असतानाच मान टाकली. दुबार पेरणी करावी लागली, बियाणं उसनवारीनं. त्या वर्षी जूनमध्ये देशभरात सरासरीपेक्षा जास्त पाऊस पडला आणि नंतरचे तिन्ही महिने तुटीचे गेले, मराठवाड्यात तर जास्तच. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच आहे.

तात्यांनी आम्हाला एका शब्दानं बोल लावला नाही. पण २०१६ च्या जूनमध्ये त्यांचा फोन आला तो पेरणी उरकल्यावर. ते आम्हाला जास्त लागलं. त्यानंतर आम्ही या विषयावर वाचायला लागलो.

सुरुवात अर्थातच एडवर्ड लोरेन्झ यांच्यापासून. १९६१ च्या हिवाळ्यात एमआयटीमध्ये लोरेन्झ रॉयल मॅकबी कंपनीच्या एलजीपी-३० नावाच्या टेबलाएवढ्या कंप्युटरवर बारा समीकरणांचं खेळण्यातलं हवामान चालवत होते. एक धाव परत, जरा पुढपर्यंत बघायची म्हणून त्यांनी मधल्या एका छापील ओळीवरचे आकडे पुन्हा भरले आणि कॉफी प्यायला गेले. परत येऊन पाहतात तो नवं हवामान जुन्याशी काही काळ जुळलेलं, आणि मग हळूहळू फारकत घेऊन पार वेगळीकडेच गेलेलं. त्यांना आधी वाटलं, मशीनमधली एखादी व्हॅक्यूम ट्यूब उडाली. (पहिला संशय हार्डवेअरवर घ्यायचा ही आमच्या धंद्यातली परंपरा तेव्हापासूनची दिसते.) खरं कारण वेगळंच होतं. मशीनच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७ आणि कागदावर छापताना जागा वाचवायला तीनच स्थळं छापली होती, ०.५०६. दहा हजारांत एका भागाच्या आसपासचा फरक, आणि त्यानं दोन वेगळी हवामानं तयार झाली. १९६३ मध्ये त्यांनी हेच तीन समीकरणांवर आणून शोधनिबंध लिहिला. ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्सासमधलं वादळ हे १९७२ सालच्या त्यांच्या एका भाषणाचं शीर्षक, तेही दुसऱ्या एका शास्त्रज्ञानं सुचवलेलं.

यावर विश्वास बसत नसेल तर घरी एक्सेल उघडा. एका खान्यात ०.३ लिहा. खालच्या खान्यात सूत्र द्या: वरची संख्या गुणिले एक वजा वरची संख्या, आणि त्याला गुणिले चार. हे सूत्र खाली ओढत न्या. शेजारच्या रांगेत तेच करा, फक्त सुरुवात ०.३०१ नं. चौथ्या पायरीला एकीकडे ०.०२२ येतं, दुसरीकडे ०.०१८. ठीक आहे, भाऊ-भाऊ वाटतात. आठव्या पायरीला ०.४४८ आणि ०.७१९. दहाव्या पायरीला ०.०४३ आणि ०.६२०. आता कुणी म्हणणार नाही की ही दोघं एका घरातून निघाली होती. यात फासा नाही, नशीब नाही, एकच सूत्र आहे आणि तेही शाळेतल्या मुलाला सोडवता येईल असं. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलेल्या लेखामुळे हे सूत्र प्रसिद्ध झालं. तिथे विषय होता किड्यांसारख्या जिवांची संख्या एका पिढीतून पुढच्या पिढीत कशी बदलते हा.

याला इंग्रजीत केऑस म्हणतात. मराठीत कुणी गोंधळ म्हणतं, कुणी अनागोंदी. आम्हाला आपला 'लहरीपणा' हाच शब्द बरा वाटतो, कारण लहरी माणूसही त्याच्या स्वतःच्या हिशेबानंच वागत असतो, आपल्याला तो हिशेब धरता येत नाही एवढंच. मोठ्या हवामान-प्रणालींच्या अंदाजातली लहानशी चूक साधारण दोन-अडीच दिवसांत दुप्पट होते. एकेका गडगडाटी ढगाच्या बाबतीत तर काही तासांत. त्यामुळे दोन आठवड्यांच्या पलीकडे "अमुक दिवशी अमुक गावात पाऊस" हे वाक्य जवळजवळ निरर्थक होतं, कंप्युटर कितीही मोठा घ्या. काकांच्या पिकनिकचं उत्तर इथेच संपतं.

आमची २०१५ ची चूक मात्र याहून साधी होती. हवामान केंद्रं १९९२ च्या डिसेंबरपासून एकाऐवजी अनेक धावा चालवतात, दर धावेची सुरुवात किंचित वेगळी. युरोपच्या केंद्रात आज अशा पन्नासावर धावा असतात. आपण सॉफ्टवेअर वेगवेगळे इनपुट टाकून झोडपून बघतो, तसंच. सगळ्या धावा एकाच दिशेला गेल्या तर अंदाजात दम आहे, पांगल्या तर नाही. आम्ही पाहिलं ते एक चित्र होतं, एक ढग आणि तीन रेघा. त्यामागे किती धावा पाऊस म्हणत होत्या आणि किती कोरडं म्हणत होत्या, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्ही टॉलरन्सशिवाय एक माप लिहिलं नसेल, आणि सासऱ्यांना मात्र टॉलरन्सशिवाय पाऊस दिला.

आता आभाळ सोडून खाली, मातीकडे बघू. आमच्या मते खरी गंमत तिथे आहे.

हवेला आठवण फार थोडी. आजचं वारं, आजची वाफ आठ-दहा दिवसांत बदलून जाते. मातीला आठवण असते. भरपूर पाऊस झाला की मातीच्या पोकळ्या पाण्यानं भरतात. जड पाणी एक-दोन दिवसांत खाली निथळतं, पोकळ्यांत हवा शिरते, आणि जे पाणी कणांना धरून राहतं ते पिकाचं. या अवस्थेला आपल्याकडे किती सुरेख शब्द आहे: वाफसा. तिथपासून खाली माती वाळत जाते, आणि शेवटी असा टप्पा येतो की उरलेलं पाणी कणांनी वातावरणाच्या पंधरापट दाबाएवढ्या ओढीनं धरलेलं असतं. मग मुळांचं काही चालत नाही. या दोन टोकांमधलं पाणी ही पिकाची बँक. मीटरभर खोल काळ्या जमिनीत ती बँक साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटरची असते. भरात आलेलं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पितं. म्हणजे पाऊस थांबला तरी महिनाभर, चाळीस दिवस निघतात. माळाच्या हातभर खोल मुरमाड जमिनीत हीच बँक पन्नास मिलिमीटरची. तिथे दहा-बारा दिवसांत खडखडाट. लोरेन्झ यांचे दोन आठवडे आणि काळ्या मातीचे चाळीस दिवस, हे दोन आकडे शेजारी मांडले तेव्हा आम्हाला पहिल्यांदा वाटलं, तात्यांच्या प्रश्नाला कुठूनतरी हात घालता येईल.

मात्र ही बँक सरळ हिशेबानं चालत नाही. रेषीय गोष्ट म्हणजे दुप्पट घातलं की दुप्पट निघतं. फोडणी रेषीय नसते. तेल तापतंय, तापतंय, मोहरी गप्प आहे, आणि एका क्षणी तडतडते. माती, झाड आणि हवा यांच्या व्यवहारात अशा मोहऱ्या जागोजागी आहेत.

पानाचंच बघा. पानाच्या खालच्या बाजूला सूक्ष्म छिद्रं असतात, पर्णरंध्रं. झाडाला कार्बन डायऑक्साइड हवा म्हणून ती उघडावी लागतात, आणि उघडली की पाणी वाफ होऊन जातं. मातीत भरपूर पाणी असेपर्यंत झाड बेफिकीर असतं. किती पाणी उडायचं ते ऊन, वारा आणि हवेचा कोरडेपणा ठरवतात. मातीतलं पाणी ऐंशी टक्क्यांवरून सत्तरवर आलं तरी फरक पडत नाही. पण एका पातळीखाली झाड रंध्रं मिटायला लागतं आणि मग प्रत्येक टक्का जाणवतो. वरच्या मातीचंही तसंच. ओली असेपर्यंत ती पाणी भराभर उडू देते. वरचे दोन बोटं वाळले की तोच कोरडा थर खालच्या ओलीवर झाकण होऊन बसतो. आपली कोळपणी म्हणजे हे झाकण नीट बसवण्याची आणि भेगा बुजवण्याची युक्ती.

रंध्रं मिटली की ती बातमी आभाळाला पोचते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४ लाख जूल उष्णता लागते. माठातलं पाणी याच कारणानं गार होतं. शेतात ओल असेल तर उन्हाचा मोठा वाटा या वाफेत खर्च होतो. ओल संपली की तेच ऊन थेट माती आणि हवा तापवतं. इलिनॉयच्या जुलैत याचा अनुभव अंगावर येतो. एक एकर मका भर उन्हाळ्यात दिवसाला तीन ते चार हजार गॅलन पाणी हवेत सोडतो, म्हणजे अकरा ते पंधरा हजार लिटर. मराठवाड्यात गावाला एक मोठा टँकर येतो ना, तेवढं किंवा जास्त, दर एकरी, दर दिवशी. म्हणून इथे जुलैत गाडीतून उतरताच चष्म्यावर वाफ धरते. मिडवेस्टमध्ये गेल्या शतकात उन्हाळ्यातले सर्वांत तप्त दिवस थोडे नरमले, आणि २०१६ च्या एका अभ्यासानं त्याचा संबंध दाट होत गेलेल्या पिकांशी जोडला.

तर मग ओल्या जमिनीतून वाफ, वाफेचे ढग, ढगांचा पाऊस, पावसानं पुन्हा ओल. आणि उलट, कोरड्या जमिनीवर तापलेली हवा, पाऊस कमी, जमीन अजून कोरडी. असं हे चक्र आहे का? आहे, पण सगळीकडे नाही. जिथे जमीन कायम ओली आहे तिथे अजून ओल घालून काही बदलत नाही. वाळवंटात उडायलाच काही नाही. मधल्या पट्ट्यात, जिथे कधी ओल तर कधी कोरड, तिथे मातीचा शब्द चालतो. हे पट्टे कुठे आहेत ते शोधायला डझनभर संशोधन गटांनी आपापल्या कंप्युटर मॉडेलांत एकच प्रयोग केला: सगळ्या धावांना सारखीच ओल दिली तर त्यांचा पाऊस एकमेकांशी किती जुळतो? रँडल कोस्टर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'सायन्स'मध्ये निकाल छापला. जून ते ऑगस्ट या महिन्यांत नकाशावर जे मोठे डाग उमटले, त्यात एक अमेरिकेच्या ग्रेट प्लेन्सचा, एक आफ्रिकेतल्या साहेलचा आणि एक भारताचा. हा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प होतो.

याची बीजं मात्र जुनी आहेत. ज्यूल चार्नी यांनी १९७५ मध्ये साहेलबद्दल मांडलं होतं की चराईनं झाडोरा गेला, जमीन उजळ झाली, तिनं ऊन परतवलं, त्यामुळे वरची हवा खाली बसू लागली आणि पाऊस आणखी घटला. चार्नी आणि लोरेन्झ या दोघांकडे शिकलेले, उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्याच्या एका खेड्यातून आलेले जगदीश शुक्ला यांनी १९८२ मध्ये येल मिंट्झ यांच्याबरोबर कंप्युटरमध्ये दोन पृथ्व्या केल्या, एकीवर सगळी जमीन कायम ओली, दुसरीवर कायम कोरडी. कोरड्या पृथ्वीवर उत्तर अमेरिका आणि युरोपचा उन्हाळी पाऊस आटला आणि जमीन कितीतरी तापली. त्याच्या आदल्याच वर्षी चार्नी आणि शुक्ला यांनी मॉन्सूनबद्दल म्हटलं होतं की रोजचा पाऊस लहरी असला तरी अख्ख्या हंगामाचा कल काही अंशी सांगता येईल, कारण समुद्राचं तापमान, बर्फ, मातीची ओल या गोष्टी सावकाश बदलतात. आज हंगामी अंदाज म्हणून जे प्रसिद्ध होतात ते या विचाराच्या पायावर.

आता इथे थोडं थांबून आमच्याच गोष्टीत खोट काढतो. चक्र नेहमी एकाच दिशेनं फिरत नाही. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर टेलर आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाची मापं तपासली तर दुपारचा वळिवासारखा पाऊस आजूबाजूपेक्षा कोरड्या तुकड्यावर जास्त पडताना दिसला, विशेषतः साहेलमध्ये. कोरडा तुकडा जास्त तापतो, हवा जोरात वर चढते, शेजारच्या ओल्या भागातली वाफ ओढून घेते. मॉडेलं याच्या उलट दाखवत होती. आमच्या इलिनॉयमध्येही एक वाद आहे. इथे १९८० च्या दशकापासून ठिकठिकाणी मातीची ओल खोलवर मोजली जाते. २००४ मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की उन्हाळ्यात हे आकडे एक तर ओल्या बाजूला गोळा होतात किंवा कोरड्या, मधे कमी. जणू मातीला दोन आवडीच्या जागा आहेत आणि एकदा एकीकडे घसरली की तिथेच रमते. पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी उत्तर दिलं की यासाठी आभाळाशी चक्र मानायची गरज नाही, ऋतू आणि मातीचा स्वतःचा अरेषीय स्वभाव एवढ्यानंही असे दोन ढीग पडू शकतात. आम्हाला दुसरी बाजू जास्त पटते, पण आमचं मत फुकटचं आहे.

चक्राची सगळ्यांत कडू गोष्ट ग्रेट प्लेन्सवर घडली. एकोणिसाव्या शतकात तिथे वसाहत करणाऱ्यांत एक घोषणा होती की पाऊस नांगराच्या मागे येतो. जमीन नांगरा, आभाळ आपोआप ओलं होईल. काही वर्षं योगायोगानं पाऊस चांगला झाला आणि लोकांना ते खरं वाटलं. गवताची खोल मुळं उपटून गहू लावला गेला. १९३० च्या दशकात दूरच्या समुद्रांच्या तापमानानं दुष्काळ आणला, आणि मग उघडी जमीन आपलं काम करू लागली. ओल नाही म्हणून वाफ नाही, पीक नाही म्हणून धूळ, आणि २००९ च्या एका अभ्यासाप्रमाणे त्या धुळीनं दुष्काळ आणखी तीव्र केला आणि पसरवला. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी भर दिवसा काळोख झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत मृदसंधारणाचा कायदा झाला.

दुसरी गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही मास्टर्स करायला इलिनॉयमध्ये उतरलो. बसमधून दोन्ही बाजूंना पिवळा, करपलेला मका. आम्हाला वाटलं, अमेरिकेत मका असाच दिसत असेल! त्या वसंतात सरकारी अंदाज एकरी १६६ बुशेल उताऱ्याचा होता, हाती आले १२३ च्या आसपास. मार्च विक्रमी उबदार गेला, पिकं आणि गवत लवकर वाढली, मातीची बँक लवकर उपसली गेली, आणि मे-जूनमध्ये पावसानं ओढ दिली. तो जुलै तेव्हापर्यंतचा देशातला सर्वांत तप्त महिना ठरला. नंतरच्या तपासणीत निघालं की पाऊस न पडण्याचं कारण मुख्यतः हवेचा लहरीपणा, समुद्राकडून आधी काही ठोस इशारा नव्हता. म्हणजे सुरुवात केऑसनं केली आणि मग मातीनं तापमानाला हातभार लावला. जगातल्या सर्वांत श्रीमंत शेतीलाही जूनमध्ये जुलै दिसला नव्हता, हे कळल्यावर आमच्या मनातला २०१५ चा काटा थोडा बोथट झाला.

मग तात्यांना काय सांगायचं? आम्ही बरंच शोधून, चार्ट-बिर्ट काढून जिथे पोचलो तो नियम आपल्या कृषी खात्याच्या पत्रकात दरवर्षी छापून येतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पूर्वी आम्हाला हा आकडा सरकारी खाक्यातला वाटायचा. आता हिशेब दिसतो. बी पडतं वरच्या दोन इंचांत. तिथे फार तर आठ-दहा मिलिमीटर पाणी मावतं, आणि जूनच्या उन्हात ते तीन-चार दिवसांत उडतं. वीस-पंचवीस मिलिमीटरच्या एका सरीनं सोयाबीन उगवेल, पण मूळ खाली जाईल तिथे कोरडी माती. शंभर मिलिमीटर मुरला तर ओल हात-दीड हात खोल जाते, वरचं झाकण वाळलं तरी मुळाला खाली पाणी सापडतं आणि दोन-तीन आठवड्यांचा खंड निघतो. म्हणजे हा नियम पुढच्या आठवड्याच्या आभाळाबद्दल काही विचारतच नाही. तो विचारतो, मातीला आधीचं किती आठवतंय.

पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांची या संदर्भात आठवण येते. २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. मॉन्सूनवर मूलभूत काम केलेल्या या बाई कर्नाटकात पावगडच्या भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर बसून त्यांना नेमके कोणते निर्णय घ्यावे लागतात ते समजून घेत, आणि मग पावसाच्या जुन्या नोंदींतून पेरणीचा काळ कधीचा धरला तर जोखीम कमी, असा हिशेब मांडत. आम्ही तात्यांना ढगाचं चित्र दिलं होतं. त्यांना लागणारी गोष्ट ही होती.

आता आमचे फोन बदलले आहेत. २०२५ मध्ये मॉन्सून केरळात २४ मे ला आणि मुंबईत २६ मे ला पोचला, मुंबईच्या नोंदींतलं सर्वांत लवकरचं आगमन. मराठवाड्यातही मे महिन्यात धो धो पाऊस झाला. गावात निम्म्यांनी पेरणीची घाई केली. तात्यांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला आणि फोन नातवाच्या हातात दिला. काळ्या रानात कुदळीनं हातभर खड्डा घेतला, तळाची माती मुठीत दाबून लाडू वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. लाडू फुटला. "हितं वाफसा हाय." मग माळावर गेले. तिथे वीतभर खाली मुरूम लागला, लाडू वळेचना. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस रेंगाळणार असं बहुतेक धावा दाखवत होत्या, तेवढं आम्ही सांगितलं, "बहुतेक" या शब्दावर जोर देऊन. तात्यांनी काळी पाच एकर पेरली आणि माळ थांबवला. माळावर पेरणी झाली ती जूनच्या शेवटी. दुबार कुठेच करावी लागली नाही.

सोयाबीन ऑगस्टमध्ये कमरेला लागलं होतं. मग मातीची दुसरी मोहरी तडतडली. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि पहिला पाऊस घटाघटा पिते, पण भरली की फुगते, भेगा मिटतात आणि थेंब आत घेत नाही. सप्टेंबरपर्यंत बँक काठोकाठ भरलेली होती. त्यानंतर जो पाऊस पडला तो सगळा वाहिला. मराठवाड्यात त्या महिन्यात नद्यांनी जे केलं ते तुम्हाला माहीत आहे. तात्यांच्या काळ्या रानात आठ दिवस पाणी उभं राहिलं, शेंगा झाडावरच कुजल्या. माळावरची नऊ एकर मात्र निथळून गेली आणि वाचली.

"औंदा माळानं खायला घातलं बघा," तात्या फोनवर म्हणाले, आणि मग विचारलं, "तुमच्याकडं काढणी झाली का?" आम्ही खिडकीतून पाहिलं. कुंपणापलीकडे रात्री दहा वाजता कंबाइनचे दिवे लागलेले होते.